काठी, चकती आणि पीळ

भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधल्या करमाळा तालुक्यात जमिनीत गेलेलं लाकूड फार दिवस टिकत नाही. पावसाळ्यात काळी माती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि उरलेलं काम वाळवी करते. औताचं रुमणं असो की दाराची चौकट, मातीआड झाली की दोन-चार पिढ्यांत तिचा मागमूस राहत नाही. दगड राहतो, खापर राहतं. 1727 मध्ये रावरंभा निंबाळकरांनी बांधलेलं कमलाभवानीचं मंदिर करमाळ्यात अजून उभं आहे. पण त्याच काळात याच गावात ज्या काठ्यांवर सूत आणि लोकर कातली गेली, त्यांतली एकही आज दाखवता येणार नाही.

इजिप्तमध्ये नेमकं उलट घडतं. नाईलच्या काठची हिरवी पट्टी संपली की वाळवंट सुरू होतं. तिथं पाऊस जवळजवळ नाहीच. त्या कोरड्या वाळूत दीड हजार वर्षांपूर्वीचे अंगरखे, टोपल्या, लहान मुलांचे मोजे आणि सूत कातायची लाकडी अवजारं सापडतात, तीही हातात धरता येतील अशा अवस्थेत. इजिप्तमधल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांना कॉप्ट म्हणतात. इसवी सनाच्या चौथ्या ते सातव्या शतकांतल्या त्यांच्या कबरींतून आणि सोडून दिलेल्या वस्त्यांतून निघालेल्या टकळ्या आज युरोप-अमेरिकेतल्या अनेक संग्रहालयांत आहेत. लंडनच्या पेट्री संग्रहालयात त्या आहेत. फायूम भागातल्या कारानिस या गावी मिशिगन विद्यापीठाने 1924 ते 1935 या काळात उत्खनन केलं, तिथंही त्या निघाल्या. फ्लिंडर्स पेट्री हा पुरातत्त्वज्ञ राजांच्या सोन्यापेक्षा अशा बारक्यासारक्या वस्तूंना जास्त जपायचा. अवजारांवरच्या आपल्या 1917 च्या ग्रंथात त्याने टकळ्यांना मुद्दाम जागा दिली.

कॉप्टिक टकळी दिसायला अगदी साधी. वीत-दीड वीत लांबीची, हाताला गुळगुळीत लागणारी बारीक काठी. तिच्या वरच्या टोकापासून थोडं खाली एक लाकडी चकती घट्ट बसवलेली. ही चकती बहुधा एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने घुमटासारखी असते, आणि पुष्कळदा तिच्यावर लेथवर काढलेली गोलात गोल अशी नक्षी दिसते. काठीच्या शेंड्याला दोरा अडकवायला एक खाच किंवा धातूचा छोटा आकडा. एवढंच. पण कॉप्टिक कापड म्हणून ज्या जवसाच्या तागाच्या अंगरख्यांची आणि त्यांवरच्या रंगीत लोकरी पट्ट्यांची जगभर वाखाणणी होते, त्यांतला प्रत्येक धागा आधी अशाच एखाद्या काठीवरून गेलेला आहे.

करमाळ्याच्या माणसाला हे अवजार नवीन वाटायचं कारण नाही. त्याच्या आजोबांनी शाळेत टकळीवर सूत कातलेलं असतं, आणि वाड्यावरच्या धनगर म्हातारीच्या हातात ती पाहिलेली असते. आपल्याकडच्या टकळीत चकती खालच्या टोकाला असते आणि इजिप्तमध्ये ती वरच्या टोकाला. बाकी तत्त्व तेच.

हे तत्त्व समजून घेण्यासारखं आहे. कापसाचा किंवा लोकरीचा एकेक तंतू तोकडा असतो. आपल्या जुन्या देशी कापसाचा तंतू इंचभरही भरत नाही. असे शेकडो तंतू शेजारी-शेजारी ठेवून नुसते ओढले तर ते एकमेकांवरून घसरतात आणि पेळू सुटतो. त्यांना पीळ दिला की तंतू एकमेकांवर दाबले जातात, घर्षण वाढतं, आणि मग ओढ जितकी वाढेल तितकी पकडही वाढते. दोर तुटेल, पण सुटणार नाही. हा पीळ नुसत्या बोटांनीही देता येतो. मांडीवर दोरी वळणारा कोणीही शेतकरी तेच करतो. पण त्यात दर वितीला थांबावं लागतं, आणि वळलेला भाग धरून ठेवायला तिसरा हात लागतो. टकळीनं हे दोन्ही प्रश्न सोडवले. बोटांनी एकदा गिरकी दिली की चकतीच्या वजनामुळे काठी भोवऱ्यासारखी फिरत राहते आणि तेवढ्या वेळात दोन्ही हात तंतू सोडायला मोकळे राहतात. तयार झालेला धागा त्याच काठीवर गुंडाळला की तो उलगडत नाही. पीळ देणं, ताण देणं आणि साठवणं, ही तिन्ही कामं एका काठीने होतात.

चकती कशी असावी हेही कशाचा धागा काढायचा यावर ठरतं. रुंद आणि जड चकती सावकाश पण बराच वेळ फिरते. लांब तंतूंच्या जाड लोकरीला ती सोयीची. लहान आणि हलकी चकती झरझर फिरते आणि थोड्या वेळात पुष्कळ पीळ देते. आखूड कापसाला तसा भरपूर पीळ लागतो. शिवाय कापसाचा बारीक धागा लटकत्या टकळीचं ओझं पेलू शकत नाही. म्हणून कापूस कातताना टकळीचं खालचं टोक वाटीत, शिंपल्यात किंवा जमिनीवर टेकवून फिरवतात. ढाक्याच्या मलमलीचं सूत असंच निघायचं. उत्खननात नुसती मातीची चकती सापडली, काठी कुजून गेलेली असली, तरी तिचं वजन आणि व्यास पाहून त्या घरात कोणत्या जाडीचा धागा निघत असेल याचा अंदाज बांधता येतो. कोपनहेगन विद्यापीठाच्या वस्त्रसंशोधन केंद्राने जुन्या चकत्यांच्या हुबेहूब प्रतिकृती करून, सराईत कातणाऱ्या बायांकडून त्यांवर लोकर कातून घेतली आहे. अशा प्रयोगांतून ताशी चाळीस-पन्नास मीटर धागा निघतो, असं साधारण दिसतं.

हा आकडा घेऊन एका घोंगडीचा हिशोब करून पाहू. चार फूट रुंद आणि आठ फूट लांब अशी घोंगडी, उभ्या-आडव्या दोन्ही अंगांनी इंचाला 12 धागे. उभे धागे झाले 576, प्रत्येक आठ फुटांचा. आडव्या धाग्यांची लांबीही तेवढीच भरते. सगळे मिळून 9,216 फूट, म्हणजे जवळजवळ 2.8 किलोमीटर. टकळीवर एवढा धागा काढायला साठएक तास हवेत. त्यात लोकर कातरणं, धुणं, निवडणं, पिंजणं धरलेलं नाही, आणि माग तर अजून लांब आहे. जगभर विणकरापेक्षा कातणाराच नेहमी कमी पडत आला, तो यामुळे. एका मागाला सूत पुरवायला अनेक हात लागायचे. टकळी खिशात, ओच्यात, कमरेला खोचून कुठंही नेता येते, म्हणून ती गुरांमागे, मुलाला खेळवताना, बाजाराच्या वाटेवर, गप्पा मारताना फिरत राहायची. बायकांच्या दिवसातला किती मोठा वाटा या काठीने घेतला असेल, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

करमाळा, माढा, सांगोला, मंगळवेढा या कमी पावसाच्या तालुक्यांत ही काठी मुख्यतः लोकरीसाठी फिरली. दख्खनी मेंढी ही या मुलखाची जात: काटक, लांब चालणारी, बहुतेक काळी. धनगर तिला बकरीच म्हणतात. सुगी झाली की त्यांचे वाडे, म्हणजे फिरते तळ, हलतात. ज्याच्या रानात कळप बसवायचा त्या शेतकऱ्याला खत मिळतं आणि धनगराला धान्य किंवा पैसे. वर्षातून दोनदा बकरी धुऊन कातरतात. दोन्ही कातरण्या मिळून एका मेंढीपासून किलोभर लोकर क्वचितच मिळते, आणि ती राठ असते. ऑस्ट्रेलियातल्या मेरिनो मेंढीच्या तंतूपेक्षा हिचा तंतू दुपटीहून जाड. अंगाला टोचणारा. पण पावसात आणि दवात उघड्यावर राहणाऱ्या माणसाला हीच लोकर हवी असते. घोंगडी डोक्यावरून घेतली की सर पडून गेली तरी पाणी आत यायला वेळ लागतो, आणि ओली झाली तरी ती ऊब सोडत नाही. पहिल्यांदा कातरलेल्या कोकराची लोकर, म्हणजे जावळ, त्यातल्या त्यात मऊ. जावळाच्या घोंगडीला मान वेगळा.

कातलेली लोकर मग विणणाऱ्याकडे जाते. धनगरांमधले खुटेकर आणि त्यांच्याबरोबर सणगर हे या कामातले पिढीजात कारागीर. ताणा खुंट्यांना ताणून लावायचा, चिंचोक्याची खळ करायची, ती कुंच्याने ताण्यावर चढवायची आणि उन्हात वाळवायची. खळीमुळे राठ लोकरीचे बाहेर आलेले तंतू खाली बसतात आणि मागावर धागा तुटत नाही. मग खड्ड्याच्या मागावर विणकाम. हातकताईचा धागा कुठं जाड कुठं बारीक असतोच, आणि घोंगडीचा पोत त्यातूनच येतो. पंढरपूरच्या बाजारात घोंगड्यांच्या दुकानांतून हात फिरवत जाणाऱ्या माणसाला गिरणीच्या धाग्याची कोणती आणि हातच्या धाग्याची कोणती, हे सांगावं लागत नाही.

घोंगडी नुसतं पांघरूण नाही. बिरोबाच्या, खंडोबाच्या पूजेत ती लागते, पाहुण्याला बसायला ती अंथरली जाते, तिच्यावर बसून न्याय होतो. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने आयुष्याची बरीच वर्षं धनगरांच्या वाड्यांवर, जत्रांत आणि ओव्यांत घालवली. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्याचा ग्रंथ 1976 मध्ये जर्मन भाषेत आला. मेंढपाळांच्या देवांकडे आणि दैनंदिन जगण्याकडे एकाच नजरेनं पाहायला त्याने शिकवलं. टकळीचा विचारही असाच, माणसांसकट करायला हवा.

ही कला या मुलखात किती जुनी? उत्तराचा एक तुकडा करमाळ्याच्या उत्तरेला, प्रवरेकाठच्या नेवाशात सापडला. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 पासून तिथं उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळातल्या, म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ होती. माळेतला दोरा खरं तर केव्हाच कुजायला हवा होता. पण तांब्याचे क्षार त्यात भिनले आणि तो वाचला. तपासणीत त्यात रेशमाचे आणि कापसाचे तंतू दिसले. घोड नदीकाठच्या चांडोलीला अशाच माळेत जवसाच्या तागाचा दोरा निघाला. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेलं सुती कापड असंच धातूच्या क्षारांमुळे वाचलं होतं. आपल्याकडे धागा टिकतो तो असा, चुकूनमाकून, धातूच्या आश्रयाने. नेवाशाचं मूल, त्याच्या गळ्यात माळ ओवून घालणारं कोणीतरी, आणि तो दोरा कातणारे हात: एवढं सगळं त्या इंचभर हिरवट तुकड्यात आहे.

उत्तराचा दुसरा तुकडा तर चक्क इजिप्तमध्येच निघाला, आणि तो जास्त विलक्षण आहे.

करमाळ्याहून बार्शीवरून पूर्वेला गेलं की धाराशिव जिल्ह्यात तेर लागतं. गोरोबाकाकांचं तेर. दोन हजार वर्षांपूर्वी याच गावाला तगर म्हणत. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. त्यात तगर हे पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर म्हटलं आहे, आणि तिथून भडोच बंदराकडे गाड्यांनी काय जायचं तेही दिलं आहे: पुष्कळसं साधं सुती कापड, तऱ्हेतऱ्हेची तलम वस्त्रं आणि रंगीत कापड. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या वैभवाच्या खुणा आजही पाहता येतात. पण त्या गाड्यांतलं कापड? त्याचा एक धागाही तेरच्या मातीत टिकणं शक्य नव्हतं.

भडोचहून माल समुद्रमार्गे इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बंदरांत उतरायचा. त्यांपैकी बेरेनिके या बंदरात 1994 पासून उत्खनन सुरू झालं. गावाच्या उकिरड्यांतून फाटक्या चिंध्यांचे ढीग निघाले. जॉन पीटर वाइल्ड आणि फेलिसिटी वाइल्ड या दांपत्याने त्यांचा अभ्यास केला. चिंध्यांत सुती कापड बरंच होतं, जहाजाच्या शिडाचे तुकडेसुद्धा होते. कापूस तर इजिप्तच्या दक्षिणेला नुबियातही पिकत होता. मग यातलं भारताचं कोणतं, हे कसं ओळखायचं?

पिळावरून. धाग्याचा पीळ दोनच दिशांना असू शकतो. धागा उभा धरला आणि त्यावरच्या तिरक्या रेषा डावीकडून वर सुरू होऊन उजवीकडे खाली उतरत असतील, तर तो इंग्रजी एस अक्षराच्या मधल्या रेषेसारखा, म्हणून एस पीळ. रेषा उजवीकडून वर सुरू होऊन डावीकडे खाली येत असतील, तर झेड पीळ. कातणारा लहानपणी ज्या दिशेला टकळी फिरवायला शिकतो, ती दिशा सहसा आयुष्यभर बदलत नाही, आणि त्याच्या गावाचीही सहसा शतकानुशतकं बदलत नाही. इजिप्तमध्ये फार जुन्या काळापासून जवसाच्या तागाची आणि वरच्या बाजूला चकती असलेल्या, मांडीवर फिरवायच्या टकळीची रीत. तिथला धागा एस पिळाचा. कॉप्टिक टकळीने तीच रीत पुढे चालवली. नुबियातला कापूसही एस पिळाने कातत. भारतातलं सूत मात्र झेड पिळाचं. म्हणून बेरेनिकेच्या उकिरड्यात झेड पिळाचं सुती कापड दिसलं की अभ्यासक भारताकडे बोट दाखवतात. त्यातला नेमका कोणता तुकडा तगरच्या बाजाराचा, हे सांगता येत नाही. पण आपल्या बाजूच्या बोटांनी दिलेला पीळ दोन हजार वर्षं तसाच राहून, परक्या वाळूत ओळखू येतो, ही गोष्ट इतिहासाच्या कोणत्याही ताम्रपटाइतकी मोलाची मानायला हवी.

टकळीनंतर चरखा आला. तो भारतात केव्हा आला यावर इतिहासकार इरफान हबीब यांनी बारकाईने लिहिलं आहे. त्यांनी दाखवलेला इथला महत्त्वाचा जुना उल्लेख इसामीच्या ‘फुतूह-उस-सलातीन’ या फारसी काव्यात येतो, आणि ते काव्य 1350 मध्ये बहामनी दरबाराच्या आश्रयाने दख्खनमध्येच पुरं झालं. सुलताना रझियाच्या संदर्भात, बाईने राज्य सोडून चरख्यापाशी बसावं अशा अर्थाचं इसामी तिथं बोलतो. म्हणजे चौदाव्या शतकापर्यंत चरखा इतका घरोघरी झाला होता की बाईमाणसाला टोमणा मारायला तो चालत होता. चरख्याने कातण्याचा वेग काही पटींनी वाढवला. पण त्याच्या पोटात फिरते ती चाती म्हणजे आडवी केलेली टकळीच. चकतीच्या जागी माळ आणि चाक आलं इतकंच.

टकळी तरीही गेली नाही, कारण तिला काही किंमत पडत नाही. गांधीजींनी चरख्याबरोबर तिचाही पुरस्कार केला तो त्याच कारणाने: ती कोणालाही, कुठंही, बिनखर्चाने चालवता येते. 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर बुनियादी शाळांमध्ये टकळी आली. वर्ध्याजवळच्या नालवाडीत विनोबांनी टकळीवर दोन्ही हातांनी कातण्याचा रियाज केला आणि कातणाराचं पोट त्याच्या मजुरीवर भरतं का, हे स्वतः त्या मजुरीवर राहून पाहिलं. टकळीकडे इतक्या गांभीर्याने पाहणारा माणूस विरळाच.

सोलापुरात 1877 मध्ये जुनी गिरणी उभी राहिली आणि हातच्या सुती धाग्याचा बाजार बसत गेला. लोकर मात्र वाचली. दख्खनी मेंढीची राठ, तुटक, काळी लोकर गिरणीच्या यंत्रांना नको होती. रंग तिच्यावर चढत नाही आणि कापडाला मऊपणा येत नाही. गिरणीने नाकारली म्हणून ती टकळीकडे राहिली. तिच्यावरचा खरा घाव अलीकडचा आहे. मेंढपाळाचं उत्पन्न आता कोकरांच्या विक्रीतून येतं. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी वजनाने भरते, तिला लोकर फारशी नसते, आणि ती सांगोला-मंगळवेढ्याकडे पसरली आहे. काळ्या लोकरीला भाव नाही. कातरायची मजुरी लोकरीच्या किमतीहून जास्त, म्हणून कातरलेली लोकर रानात तशीच टाकून वाडा पुढे जातो. अंथरा ही पशुवैद्यांनी उभी केलेली संस्था आणि तिच्यासारखे आणखी काही गट दख्खनी मेंढी आणि तिची लोकर टिकवायची खटपट करत आहेत, त्यांचं काम म्हणूनच वेळेवरचं आहे.

सांगोल्यात गणपतराव देशमुखांनी शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी केली. अशा गिरणीची मोजदाद आजही चात्यांवर होते: इतक्या हजार चात्यांची गिरणी. हजारो पोलादी चात्या एका छपराखाली फिरतात आणि प्रत्येक तेच करते: पीळ देते आणि गुंडाळते. त्या गिरणीपासून काही कोसांवर, एखाद्या वस्तीवर, लाकडी टकळी आढ्याला खोचलेली असते आणि घरातल्या शेवटच्या कातणाऱ्या म्हातारीबरोबर ती चुलीत जाते. कॉप्टिक टकळीला लंडनमध्ये नोंदक्रमांक आहे. पुण्याच्या केळकर संग्रहालयाने अडकित्ते, दिवे, पानाचे डबे यांना जो आदर दिला, तो जिल्ह्या-जिल्ह्यातल्या टकळ्यांना अजून मिळायचा आहे. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. काठी कोणत्या झाडाची, चकती लाकडाची की खापराची, तिचं वजन किती, ती कोणाच्या हातची, लटकती ठेवून फिरवत की टेकवून, आणि त्या बाईच्या बोलीत तिच्या प्रत्येक भागाला काय म्हणत: एवढं एका वहीच्या पानावर मावतं. करमाळ्यातल्या एखाद्या शाळेने किंवा महाविद्यालयाने हे काम घेतलं तर दोन हिवाळ्यांत तालुका पालथा घालून होईल. हिवाळा अशासाठी की तेव्हा वाडे रानात असतात.

सुरुवात घरूनही करता येते. माळ्यावरची जुनी घोंगडी काढावी. तिच्या दशीतला एक धागा वेगळा करावा. दशी राखताना बहुधा दोन धागे मिळून उलटा पीळ घातलेला असतो, म्हणून आधी तो सोडवून एकेरी धागा मोकळा करावा. मग तो उभा धरून, उजेडाकडे तोंड करून, भिंगातून पाहावा. राठ काळ्या तंतूंच्या तिरक्या रेषा स्पष्ट दिसतात, आणि त्या कोणत्या बाजूला उतरतात ते पाहून, ज्या बाईने तो कातला तिने टकळी कोणत्या दिशेला फिरवली होती, हे कळतं.